ट्विचचे पॉइंट्स की स्पॉटिफायचं रॅप्ड?

दोन्हींत खेळाचीच गंमत आहे, पण माणसाला धरून ठेवण्याची रीत अगदी वेगळी.

ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या साइटवर एखादं चॅनल लाइव्ह पाहत बसलं की चॅनल पॉइंट्स जमत जातात. साधारण दर पंधरा मिनिटांनी चॅटखाली एक छोटी पेटी चमकते, ती दाबली की 50 जादा पॉइंट्स. ओळीने प्रत्येक स्ट्रीमला, म्हणजे थेट प्रक्षेपणाला, हजर राहिलात तर त्याचा वेगळा बोनस. हे पॉइंट्स त्या एका चॅनलपुरतेच चालतात. मग होतं काय, की स्ट्रीम कंटाळवाणा झाला तरी टॅब बंद करायला हात धजत नाही, कारण पेटी आता येईलच. आवाज बंद करून टॅब नुसता उघडा ठेवणारे कितीतरी आहेत. तरी एक चांगली बाजू मान्य करायलाच हवी: पॉइंट्स खर्चून आपला मेसेज उठून दिसतो, स्ट्रीमरने ठेवलेली बक्षिसं मिळतात, म्हणजे प्रेक्षकाला खरोखर काहीतरी करता येतं.

2016 पासून येणारं रॅप्ड, म्हणजे स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपने दिलेला आपल्या वर्षभराच्या ऐकण्याचा आढावा, वर्षातून एकदाच भेटतं. किती मिनिटं ऐकलं, कोणता कलाकार सर्वाधिक, आणि शेअर करायला रंगीत कार्ड. रोजची हजेरी कुणी मागत नाही. कार्ड चारचौघांत दिसणार म्हणून काही जण गाणी जपून निवडतात, तेवढाच त्याचा दबाव.

मला रॅप्ड बरं वाटतं. मुलांच्या बाबतीत तर पाहत राहण्यासाठी बक्षिसं नकोतच: 2018 मध्ये नेटफ्लिक्सने मुलांच्या मालिका पाहिल्याबद्दल मिळणाऱ्या बॅजची चाचणी घेतली, पालक चिडले आणि ती गुंडाळावी लागली.