पैसे खात्यात खरंच आले होते, तरी ३७,८०० ला फसली

आधीच सांगून ठेवते, ही खोट्या स्क्रीनशॉटची गोष्ट नाही. तो धडा मी दोन वर्षाआधी १,१५० रुपयात शिकली. सरगुंडे आणि मूगवड्यांचा डबा पाठवून दिला, पैसे काही आले नाही, हिरवा टिकमार्क असला तरी शेवटी तो फोटोच, फोटो कोणीही बनवते. तेव्हापासून बचत गटाच्या बैठकीत मीच सगळ्या बायांना सांगत होती की स्क्रीनशॉट पाहू नका, आपलं खातं पाहा. आणि मी खातं पाहूनच फसली. म्हणून लिहून राहिली.

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात, जिल्हा वर्धा. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते बऱ्याच जणांना माहीत असेल, त्याच पट्ट्यात आमचं वावर. जास्त करून पऱ्हाटी आणि थोडी हळद. उकडणं, वाळवणं, ड्रममध्ये फिरवून पॉलिश करणं, दळणं, सगळं घरीच, मी आणि माझी जाऊ. आधी ठोकमध्ये देऊन टाकत होतो, चार वर्षापासून व्हॉट्सॲपवर आणि इन्स्टावर अर्धा किलो, एक किलोची पाकिटं विकतो. सीझनमध्ये बोटं इतकी पिवळी होतात की फोन अंगठा ओळखतच नाही, आणि फोनची काच तर कायमचीच पिवळी झालेली आहे.

तर मे महिन्याच्या शेवटी एकाचा मेसेज आला. नागपूरला लग्न आहे, पाहुण्यांना छोट्या थैलीत हळद द्यायची, १२ किलो पाहिजे. बोलणं एकदम साफ. रंग कसा आहे, भेसळ नाही ना, पाकिटावर नाव छापून मिळेल का, सगळं विचारलं. मी ३२० भाव सांगितला, ३,८४० ची हळद आणि ३६० कुरिअर, झाले ४,२००. त्याने एक रुपया कमी करायला सांगितला नाही. आता वाटते तिथंच खटकायला पाहिजे होतं, आमच्याइकडे लग्नाची खरेदी आणि भाव न करता? पण गिऱ्हाईक चांगलं भेटलं तर आपण कुठे शंका घेतो.

मी नेहमीसारखा आपला क्यूआर पाठवला. सांजच्याला साडेसात वाजता साउंडबॉक्स बोलला, बेचाळीस हजार. जाऊ हातातला झारा घेऊन तशीच बाहेर आली, "अवं बाई, एवढे कोणाचे आले वं?" मी म्हटलं ऐकायला चुकलं असेल. तेवढ्यात त्याचा फोन. "ताई, एक शून्य जास्त पडलं हो माझ्याकडून, हॉलवाल्याला आजच पैसे द्यायचे आहेत, बायको डोक्यावर बसली आहे, मागून लेकरू रडून राहिलं..." आणि खरंच मागून लेकराचा आवाज येत होता.

मी काही लगेच भुलली नाही. म्हटलं थांबा भाऊ, खातं पाहू द्या. आमच्याकडे घरात नेट चालत नाही, स्लॅबवर पाण्याच्या टाकीजवळ उभं राहावं लागते. तिथे जाऊन बँकेचं ॲप उघडलं. ४२,००० जमा. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर पण जुळवला, त्याने पाठवला होता तोच. खोटा मेसेज नाही, खोटा स्क्रीनशॉट नाही, पैसा खात्यात दिसून राहिला. फक्त पाठवणाऱ्याचं नाव एका बाईचं होतं, आपल्याइकडचं नाही, दक्षिणेकडचं. विचारलं तर म्हणाला ऑफिसच्या मॅडमच्या खात्यातून केलं. आणि परत करताना त्या खात्यावर नका टाकू, त्याची आजची लिमिट संपली, पैसे अडकून जातील, माझ्या भावाचा नंबर देतो त्याच्यावर टाका.

लिमिट पैसे पाठवायची असते हो. त्या खात्याने पाठवायचे नव्हते, घ्यायचे होते. हे आता समजते. तेव्हा डोक्यात एकच होतं, की दुसऱ्याचा पैसा रात्रभर घरात ठेवायचा नाही, सासूबाईंनी आयुष्यभर हेच सांगितलं. मी टाकीजवळ उभी राहून आधी २०,००० आणि मग १७,८०० त्या नंबरवर टाकले. तो म्हणाला, "तुमच्यासारखे लोक राहिले नाही ताई." मला इतकं बरं वाटलं की मी त्या रात्री स्टेटस ठेवलं, इमानदारी अजून जिवंत आहे म्हणून. ते स्टेटस आमच्या गटातल्या एकीने सेव्ह करून ठेवलं आहे, अजूनही चिडवते.

दुसऱ्या दिवशी पार्सल कुरिअरला दिलं. विषय संपला.

नवव्या दिवशी हे कृषी केंद्रात गेले. मृग लागून राहिला होता, कपाशीच्या पिशव्या आणि खत घ्यायचं, दुकानात ही गर्दी. पेमेंट होईना, एकदा, दोनदा, तीनदा. दुकानदार म्हणाला सर्व्हर डाऊन असेल. मग एटीएम. तेही नाही. फोनवर मला म्हणतात, "काय केलं तू खात्याचं?" दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो तर साहेबांनी स्क्रीन आमच्याइकडे फिरवली, डेबिट फ्रीज, म्हणजे खात्यातून पैसे काढणं बंद. दुसऱ्या राज्याच्या सायबर पोलिसांकडून आलेलं आहे, आमच्या हातात काही नाही. खात्यात ७१,००० होते, त्यात कापसाचे होते, पीक कर्जाचे होते, हळदीचे होते, सगळं एकाच खात्यात. मी म्हटलं साहेब मी हळद विकते. ते म्हणाले मॅडम, तुमचं खातं लेयर वनमध्ये आहे.

लेयर वन म्हणजे फसवणुकीचे पैसे सगळ्यात आधी ज्या खात्यात आले ते खातं, हे मला नंतर समजलं, तुम्ही आधीच समजून घ्या. तिकडे कुठेतरी एका बाईला त्या लोकांनी घरबसल्या कमाईचं आमिष दाखवलं, आणि डिपॉझिट भरा म्हणून जो क्यूआर पाठवला तो माझा होता. माझ्याच दुकानाचा, मीच त्याला व्हॉट्सॲपवर दिलेला. त्या बाईने खरे पैसे माझ्या खात्यात टाकले, आणि मी ते माझ्या हाताने, माझा पिन टाकून, चोराला पोचवून दिले. चोराचं नाव कुठंच नाही. त्या बाईने तक्रार केली तर कागदावर पहिलं नाव कोणाचं दिसणार? माझं. ती बाई तर मलाच चोर समजली असेल, आणि तिचं तरी काय चुकलं.

बँकेच्या पायऱ्यांवर बसूनच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, तक्रार नंबर दिला, cybercrime च्या सरकारी पोर्टलवर कागदं टाकायला सांगितले. पण नऊ दिवस होऊन गेले होते. ते ३७,८०० पंधरा-वीस मिनिटात कुठल्या तरी एटीएममधून निघून गेलेले. त्याच्या आत फोन केला असता तर पुढच्या बँकेत थांबवता आले असते, पण मला फसली हेच माहीत नव्हतं तर फोन कशाचा करू? पुतण्या म्हणाला काकू, रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे, तीन कामकाजाच्या दिवसात कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ते आहे, पण ते आपल्या हातून काही चूक नसताना दुसऱ्याने पैसे काढले तर. पिन आपणच टाकला तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच. तीन दिवस तर असेही निघून गेले होते.

त्याच आठवड्यात पार्सल परत आलं. असा पत्ताच नाही. जायचं कुरिअर माझंच आणि यायचंही.

मग कागदं. पोलिसांना तपासात असं खातं थांबवायचा अधिकार आहे, आधी फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्याचं, सीआरपीसीचं, कलम १०२ होतं, आता नव्या बीएनएसएसचं १०६. भांडून काही होत नाही, आपण खरे आहो हे दाखवावं लागते. तिकडच्या तपास अधिकाऱ्याचा ईमेल बँकेने दिला. त्यांना मराठी येत नाही, आम्हाला त्यांची भाषा येत नाही, मोडक्या हिंदीत गोष्ट केली. पुतण्याने सगळी चॅट एक्सपोर्ट केली, ऑर्डरचे मेसेज, कॉल केव्हा आला त्याची वेळ, कुरिअरची पावती, परत आलेल्या पार्सलचा फोटो, उद्यम नोंदणी, फूड लायसन्स, तीन महिन्याचं स्टेटमेंट, २३ पानांची पीडीएफ झाली. परत आलेल्या पार्सलची चिठ्ठी सगळ्यात कामी आली असं ते साहेबच म्हणाले, म्हणजे खरंच माल पाठवला होता हे दिसलं. मी तर रागात ते पुठ्ठ्याचं खोकं चुलीत घालणार होती.

सात आठवडे लागले. पेरणी गटातून १५,००० उचलून केली, ह्यांनी तोंडाने काही म्हटलं नाही पण जेवताना बोलायचे नाही. शेवटी फ्रीज काढला, पण ४२,००० वर होल्ड अजूनही आहे, ते त्या बाईचे आहेत आणि तिला जायला पाहिजेत. हिशोब असा की ४२,००० आले, ३७,८०० मी पाठवून बसली, आणि ४२,००० परत जाणार. गेले ३७,८००, वरून कुरिअरचं दोन्ही वेळचं भाडं. हळद तेवढी वाचली.

आता काय करते ते सांगते. पहिलं म्हणजे जास्त पैसे आले तर मी हातच लावत नाही. पाठवणाऱ्याला सांगते तुमच्या बँकेत तक्रार टाका, तुमची बँक माझ्या बँकेला विचारेल, मी संमती देते. आणि माझ्या शाखेत लगेच अर्ज देऊन पोच घेते. परत करायचंच असेल तर व्यापारी ॲपमध्ये त्या व्यवहारावर रिफंडचं बटण असते, ते दाबलं की ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जातात, दुसऱ्या नंबरचा प्रश्नच येत नाही. समोरचा 'दुसऱ्या नंबरवर टाका' म्हणाला की मी तिथंच फोन ठेवते, मग लेकरू रडो की म्हातारी रडो.

दुसरं, तो छापील क्यूआर आता मी कोणालाच पाठवत नाही. ऑर्डर पक्की झाली की तेवढ्याच रकमेची पेमेंट लिंक नाहीतर रक्कम भरलेला क्यूआर बनवून देते, त्यात ४,२०० चे ४२,००० होत नाहीत. थोडा वेळ जाते, काही म्हातारी गिऱ्हाइकं वैतागतात, जाऊ पण वैतागते. पैसे आले की नाव पाहते, ऑर्डर देणारा एक आणि पैसे तिसऱ्याच राज्यातून तिसऱ्याच नावाने आले तर माल पॅक करायच्या आधी विचारते. आणि धंद्याचं खातं वेगळं केलं, हे तर पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं. त्यात आठवड्याचं कुरिअर आणि पाकिटाचा खर्च निघेल एवढेच ठेवते, कापसाचा एक रुपया त्यात जात नाही. उद्या पुन्हा काही झालं तर पेरणी तरी थांबणार नाही.

बाकी जुनं सगळं तसंच. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन मागितला की पैसा आपल्याच खात्यातून चालला. ओळखीच्या-बिनओळखीच्या माणसाने ॲपवरून पैसे मागायची रिक्वेस्ट पाठवायची सोय तर १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच झाली, पण फौजी साहेब म्हणून फोन करून क्यूआर स्कॅन करायला लावणारे अजून आहेत, गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या पापडवालीला आला होता. तिने त्याला बराच वेळ बोलत ठेवलं आणि मग फोन माझ्या जावेला दिला. पुढचं लिहिण्यासारखं नाही.

परवा एकाने जुन्या क्यूआरवर ९०० च्या जागी ९,००० टाकले. अमरावतीचे, निवृत्त मास्तर. फोनवर आवाज कापत होता त्यांचा. मी तेच सांगितलं, बँकेत जा. ते म्हणाले मी काय चोर आहो का बाई, दवाखान्याचे पैसे होते ते. मी गप्प राहिली. त्याच दिवशी माझ्या शाखेत अर्ज दिला, सहाव्या दिवशी त्यांच्या बँकेकडून विचारणा आली, मी सही केली, ८,१०० त्यांच्याच खात्यात परत गेले. खरेच होते बिचारे. हळद पोचली त्यांना, पण मग मला ब्लॉक केलं.