‘सायलीचं दाखवा’ : जांभळी नाक्यावरची मालिकावाली मंगळसूत्रं

ठाणे स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडून जांभळी नाक्याकडे चालू लागलं की किराण्याची ठोक दुकानं, फुलवाले आणि भाजीवाले यांच्या मधेमधे फॅन्सी स्टोअर्स लागतात. दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा, भिंतभर हूक आणि काउंटरवर काळ्या मखमलीचे ट्रे. इथे गिऱ्हाईक डिझाइन सांगत नाही, टीव्ही मालिकेतलं पात्र सांगतं. “सायलीचं दाखवा.” “पारूचं छोटं आहे का?” “बानू नथ, दाबाची.” आणि काउंटरमागच्या ताई मान वर न करता बरोबर त्या ट्रेत हात घालतात.

हे परीक्षण कुठल्या एका दुकानाचं नाही, त्या ट्रेमधल्या मालाचं आहे. चार दुकानं फिरलात तरी माल साधारण तोच दिसतो. भुलेश्वरच्या ठोक बाजारातून येणारा, बराचसा राजकोटकडे घडलेला. फरक असतो तो दुकानदाराच्या बोलण्यात आणि पन्नासेक रुपयांत. निकाल आधीच सांगितलेला बरा : नथ बिनधास्त घ्या, कोल्हापुरी साज पानं मोजून घ्या, छोटं मंगळसूत्र मागची बाजू बघून घ्या. मोठ्या पेंडंटचं लांब मंगळसूत्र मात्र एका हळदीकुंकवापुरतंच आहे असं समजून घ्या.

आधी नावांचा हिशेब. झी मराठीवर २०१३ मध्ये ‘होणार सून मी ह्या घरची’ सुरू झाली आणि तिच्या नायिकेमुळे ‘जान्हवीचं मंगळसूत्र’ हा बाजारातला शब्दच होऊन बसला. मालिका २०१६ मध्ये संपली, शब्द अजून चालू आहे. पण तीन दुकानांत ‘जान्हवी’ मागा, तीन वेगळे नमुने समोर येतील. आता त्या शब्दाचा अर्थ ‘लांब आणि नाजूक’ एवढाच उरलाय. दागिना अडकवलेल्या कार्डावरच्या नटीच्या फोटोवर तर अजिबात विसंबू नका. तेजश्री प्रधान आधी जान्हवी, मग ‘अग्गंबाई सासूबाई’तली शुभ्रा, मग ‘प्रेमाची गोष्ट’मधली मुक्ता. २०२५ च्या सुरुवातीला तिने ती मालिका सोडली आणि मुक्ताच्या जागी स्वरदा ठिगळे आली. प्रेक्षकांत त्यावरून महिनाभर जुंपली होती. ट्रेमधल्या कार्डांना त्याचा पत्ताच नाही. चेहरा जुना, नाव मुक्ताचं. ईशा केसकरचं तर त्याहून भारी. ‘जय मल्हार’मधली बानू तीच आणि ‘माझ्या नवऱ्याची बायको’त मधल्या काळात शनायाही तीच. जिने त्या मालिकेच्या नायिकेचं, राधिकाचं, मंगळसूत्र धोक्यात आणलं तिचाच चेहरा मंगळसूत्राच्या कार्डावर बघून नियमित प्रेक्षकाची पंचाईत होते. ही कार्डं वाहिनीची नसतात. कुठल्याही छापखान्यात निघतात आणि मालाच्या दर्जाबद्दल काहीच सांगत नाहीत.

गंमत अशी की सध्या सर्वांत जास्त मागितली जाणारी दोन्ही नावं खोट्या लग्नांची आहेत. ‘ठरलं तर मग’मध्ये सायली आणि अर्जुनचं लग्न कॉन्ट्रॅक्टवरचं, तिला आश्रमात वाढवणाऱ्या मधुभाऊंना तुरुंगातून सोडवण्यासाठी केलेलं. ‘पारू’त आदित्य पारूच्या गळ्यात मंगळसूत्र घालतो ते जाहिरातीच्या शूटिंगमध्ये, आणि ती ते खरं मानून बसते. खोटं मंगळसूत्र खरं ठरण्याच्या या गोष्टी, आणि त्यांची नावं खोट्या दागिन्यांच्या ट्रेवर! लेखकांनी हा धागा फार ताणला हे खरंच. सायलीने मनातलं बोलून टाकावं म्हणून प्रेक्षकांनी किती महिने दात-ओठ खाल्ले त्याला गणती नाही. तरी मंगळसूत्राला कथेत इतकं काम देणाऱ्या मालिका अलीकडे दुसऱ्या नाहीत, हेही मान्य करायला हवं. २०२१ मध्ये फॅशन डिझायनर सब्यसाचीच्या मंगळसूत्राच्या जाहिरातीवरून केवढा गदारोळ झाला. मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी २४ तासांची मुदत दिली आणि जाहिरात मागे घ्यावी लागली. मालिकांत तेच मंगळसूत्र करारात येतं, जाहिरातीत येतं, खलनायिकेच्या मुठीत येतं, तेव्हा कुणी ब्र काढत नाही. नायिका पदर डोळ्याला लावून रडत असली की सगळं चालतं.

आता मालाकडे. पडद्यावरचा दागिना आणि ट्रेमधला दागिना यांत फरक का पडतो ते समजलं की निम्मी फसगत टळते. मालिकेतली फ्रेम बहुतेक वेळा खांद्यापासून वर असते. त्यामुळे क्लोजअपमध्ये दिसतं ते छोटं मंगळसूत्र. लांबाचं पेंडंट फ्रेमच्या खालीच राहतं आणि मिड शॉट आला की मगच दिसतं. म्हणून ते ठसठशीत करतात. शिवाय दिव्यांखाली फार चकाकणारा दागिना कॅमेऱ्याला खुपतो, म्हणून पडद्यावर पॉलिश मंदच बरं दिसतं. बाजारातली नक्कल नेमकी उलटी. पेंडंट त्याच आकाराचं, पण पॉलिश लखलखीत, आणि ते पेलणारी माळ मात्र नेहमीचीच बारीक. कॅमेऱ्याला दागिन्याची मागची बाजू कधी दिसत नाही. कारागिरानेही तिकडे बघितलेलं नसतं. तुम्ही मात्र तिथूनच सुरुवात करा.

छोट्या मंगळसूत्राचा भाव साधारण १५० ते ३०० रुपये. हातात घेतलं की आधी उलटं करा. वाट्या पातळ पत्र्याच्या, ठशाने काढलेल्या आणि पोकळ असतात. नखाने हलकेच दाबा. पत्रा आत जात असेल तर पहिल्याच महिन्यात पोचा येईल. वाटीची कडी जिथे डाख लावून जोडलीय तो सांधा बघा. तिथे फट दिसली तर दुसरा नग मागा, कुरकुर झाली तरी. मग मणी. काचेचा काळा मणी गालाला लावला तर गार लागतो, प्लॅस्टिकचा लागत नाही. वरून रंग दिलेला असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालावर घासून पाहा, लगेच डाग पडतो. असे मणी पावसाळ्यात ब्लाउजच्या गळ्याला काळी रेघ देतात.

सर्वांत महत्त्वाचं ओवणं. तारेत ओवलेलं असेल तर ते हूकजवळ आणि वाटीजवळ तुटतं, कारण तिथेच तार सतत वाकते आणि सरळ होते. तारेचं टोक ज्या बारीक मण्यात चिमट्याने दाबून पक्कं केलेलं असतं तो मणी बोटांनी ओढून बघा. सरकला तर तो नग नकोच. नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेलं असेल तर धोका वेगळा. मधले सोनेरी नळीमणी आतून धारदार असतात आणि दोरा हळूहळू कापतात. यावर स्वस्त उपाय आहे. याच भागात छोट्या टेबलावर मंगळसूत्रं गाठवून देणारे बसतात. घातलं नसतानाच, नवं कोरं असतानाच त्यांच्याकडे द्या. दुपदरी दोऱ्यात, ठरावीक अंतरावर गाठी मारून घ्या. पन्नास-साठ रुपये जातात, अर्धा तास लागतो. एक गाठ सुटली तरी मग सगळे मणी लोकलच्या डब्यात घरंगळत नाहीत.

‘वन ग्रॅम गोल्ड’ हे शब्द ऐकून हुरळू नका. त्या नगात एक ग्रॅम सोनं नसतं. पितळ किंवा तांब्यावर सोन्याचा मुलामा असतो आणि स्वस्त मालात त्याची जाडी एका मायक्रॉनच्याही अंशात, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी. तो आधी उडतो मानेमागे आणि वाटीच्या खालच्या कडेला, कारण घाम आणि घासणं दोन्ही तिथेच. खालचं तांबं उघडं पडलं की मानेवर हिरवट डाग येतो. खाज सुटत असेल तर बहुधा निकेलचा त्रास. पारदर्शक नेलपॉलिशचा हात आतल्या बाजूने मारला तर काही दिवस निभतं, पुळ्या आल्या तर सरळ काढून ठेवा. परत मुलामा देऊन देऊ असं दुकानदार सांगतात. त्याचे पैसे नव्या नगाच्या जवळपास जातात, तेव्हा नकोच.

लांब मंगळसूत्र ३०० ते ७०० च्या घरात. अमेरिकन डायमंडचं पेंडंट असेल तर त्यावरून ओढणीचा पदर अलगद फिरवा. धागा अडकला तर खड्याची नखी वर आलीय. अजिबात नख्या नसतील तर खडे नुसते चिकटवलेत आणि गरम पाण्याची आंघोळ झाली की एकेक गळणार. पेंडंट जड आणि माळ बारीक असेल तर ते नेहमी एका बाजूला कलंडतं. गळ्यात घालून दोन पावलं चालून बघितलं की कळतं. ‘सायलीचं’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक लांब नमुन्यांत हाच दोष दिसतो. पात्र साधं, आश्रमात वाढलेलं, आणि तिच्या नावाने हे झुंबर!

नथ मात्र खरोखर चांगली मिळते. साठ ते अडीचशे रुपयांत इतकं सुबक काम दुसऱ्या कशात नाही. ‘बानू नथ’ म्हणजे लहान, मोजक्या मोत्यांची. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची घ्या. बघायचं एवढंच : मोती तारेत ओवून पिळलेले असावेत, चिकटवलेले नसावेत; आणि नखाने खरवडलं तर मोत्याची साल निघू नये. नथ डाव्या नाकपुडीसाठी घडवलेली असते, मोत्यांचा बाक गालाकडे जातो. उजवीकडे टोचलेलं असेल तर तसं सांगूनच मागा. दाब फार घट्ट असेल तर पाच मिनिटांत नाक लाल होतं. दुकानातच तेवढा वेळ घालून थांबा, कारण घरी नेलेली नथ कुणी बदलून देत नाही आणि तेही रास्तच आहे. घसरत असेल तर दोष नथीचा नसतो, फाउंडेशनचा असतो. तेवढी जागा पुसून नथ बसवा.

साजाला अजून ‘पाठकबाईंचा’ म्हणणारी गिऱ्हाइकं भेटतात. ‘तुझ्यात जीव रंगला’ संपून काही वर्षं झाली, त्यातले राणादा आणि पाठकबाई झालेले कलाकार खऱ्या आयुष्यातही बोहल्यावर चढले, तरी नाव टिकून आहे. इथे मात्र मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. पारंपरिक कोल्हापुरी साजात २१ पानं : दहा दशावतारांची, आठ अष्टमंगळाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि शेवटचं डोरलं. तयार मालात दहा-बाराच असतात, त्याला हरकत नाही. हरकत याला की त्या बारांत सहा एकसारखीच असतात. कासव, मासा, नाग, बेलपान, चंद्र, भुंगा असे वेगवेगळे आकार ओळखू येत नसतील तर तो साज नाही, नुसती माळ. मधले मणी जवाच्या दाण्यासारखे लांबट हवेत. भाव ५०० ते १२००. पानांत लाख भरलेली असेल तर उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, वितळते.

नमुना आवडला म्हणून खऱ्या सोन्यात करायचा असेल तर फोटो घेऊन गोखले रोड किंवा राम मारुती रोडला जा, पण दोन गोष्टी विचारा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा ओळख क्रमांक, लागतो; तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तिथेच तपासता येतो. दोन ग्रॅमच्या आतल्या नगाला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे एकट्या छोट्या वाटीवर शिक्का नसू शकतो. आणि वजन करताना काळे मणी वेगळे काढायला लावा. सोन्याच्या भावात काच विकत घेण्याचा प्रकार मंगळसूत्रातच सर्वांत सोपा.

सांभाळायला फार काही लागत नाही. अत्तर आणि केसांचं तेल आधी, दागिना शेवटी; काढताना पहिला. मऊ कोरड्या कपड्याने पुसून झिपच्या पिशवीत, सोबत खडूचा एक तुकडा. ठाण्याच्या पावसाळ्यात ओल शोषायला तो पुरतो. टूथपेस्ट किंवा पितांबरी लावू नका. पितांबरी आपल्या ठाण्याचीच, पण तिचं काम पितळ उजळायचं आहे. मुलाम्याखालचं पितळही ती प्रामाणिकपणे उजळून दाखवेल.

जायचं तर दुपारी दोन ते चार. संध्याकाळी आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी ट्रेपर्यंत हात पोहोचत नाही. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात तर घासाघीस विसराच. दुकानातले पिवळे दिवे तांब्यालाही सोनं करतात, तेव्हा नग घेऊन दारात या आणि उजेडात बघा. “बाहेर नेऊ नका” म्हणाले तर ट्रे तिथेच ठेवा, शेजारच्या दुकानातही ‘सायलीचं’ आहेच.