शीटमधून घडवलेली फ्रेम की साच्यातली टीआर? सांगली-साताऱ्यात चष्मा घेण्याआधी

दुकानातल्या ट्रेमध्ये दोन काळ्या चौकोनी फ्रेम शेजारीशेजारी ठेवल्या तर लांबून फरक कळत नाही. पहिली सेल्युलोज ॲसिटेटच्या शीटमधून कापून, घासून, पॉलिश करून घडवलेली. आपल्याकडचे चष्मेवाले तिला शेल फ्रेम किंवा शीटची फ्रेम म्हणतात. दुसरी वितळलेलं नायलॉन साच्यात दाबून काढलेली, म्हणजे टीआर-90. किमतीत मात्र चांगलंच अंतर असतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. ज्याच्या नाकावर उठल्यापासून झोपेपर्यंत चष्मा असतो, ज्याचा दिवस बहुतेक सावलीत जातो आणि ज्याला जवळपास फ्रेम तापवून नीट बसवून देणारा चष्मेवाला आहे, त्याने शीटची घ्यावी. या तीनपैकी एक जरी गोष्ट लागू नसेल तर घाई करू नका, टीआर बरी.

शीटची फ्रेम कशी घडते

ॲसिटेट मुळात लाकडाच्या लगद्यातून किंवा सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड कापसातून तयार होतं. त्यात प्लॅस्टिसायझर (लवचीकपणा आणणारं द्रव्य) आणि रंग घालून कणकेसारखा गोळा मळतात, दाबून ठोकळा करतात आणि ठोकळ्याचे काप काढतात. म्हणून शीटच्या फ्रेममधला रंग आरपार असतो. तपकिरी-पिवळी ‘हवाना’ नक्षी वरून छापलेली नसते, ती शीटच्या पोटातच असते. इटलीतली मात्झुकेल्ली ही या शीटची नावाजलेली कंपनी. 1849 साली ती सुरू झाली तेव्हा कंगवे आणि बटणं करत असे.

ताज्या शीटमध्ये द्रावकाचा अंश उरलेला असतो. तो निघून जाईपर्यंत शीट काही आठवडे तसंच ठेवावं लागतं. ज्याला ही वाट बघायची नसते तो कच्च्या शीटमधून फ्रेम कापतो आणि ती गिऱ्हाइकाच्या नाकावर गेल्यावर आक्रसते. आधी चपखल बसलेली काच मग सतत बाहेर उडी मारते. यात काच बसवणाऱ्याचा दोष नसतो.

समोरच्या भागाला साधारण 6 मिमी जाडीचं शीट लागतं, दणकट फ्रेमला 8 मिमी, आणि काड्यांना 4 मिमी. नमुना चिकटवून सोनाराच्या बारीक करवतीने किंवा मशीनवर आधी डोळ्यांची भोकं कापतात, मगच बाहेरची कड. उलट केलं तर घट्ट धरायला जागाच उरत नाही आणि नाकावरचा पूल कापतानाच तडकतो. भोकांच्या आतून काच बसायची इंग्रजी व्ही-आकाराची खोबणी फिरवतात. ती सगळीकडे सारखी खोल हवी. एका कोपऱ्यात उथळ राहिली तर काच तिथून सुटते.

मग नाकाच्या पट्ट्या. ॲसिटेट ॲसिटोनमध्ये विरघळतं, म्हणून त्याचाच छोटा तुकडा ॲसिटोन लावून दाबला की दोन्ही एकजीव होतात. सांधा रात्रभर तरी सुकू द्यावा लागतो. ओल्या सांध्यावर कानस चालवली की तिथे पांढरी रेघ उमटते आणि पुढे तिथूनच पट्टी निघते. पट्ट्या झाल्या की समोरचा भाग गरम करून ठोकळ्यावर दाबून किंचित गोलाई देतात, कारण काच सपाट नसते. त्यानंतर काडी आणि समोरचा भाग जिथे भेटतात त्या कोपऱ्याचा तिरका काप जुळवायचा. कारागिराचा हात ओळखायचा असेल तर इथे बघा. काडी उघडी ठेवून फ्रेम उजेडासमोर धरली की त्या सांध्यातून फट दिसता कामा नये, आणि दोन्ही बाजूंचा कोन सारखा असावा.

पॉलिश दोन प्रकारे होतं. फ्रेम लाकडाच्या बारीक तुकड्यांसोबत आणि घासायच्या भुकटीसोबत फिरत्या पिंपात टाकतात, पिंप काही दिवस चालू राहतं. त्यानंतर कापडी बफवर, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर, एकेक फ्रेम हाताने. बफवर जास्त दाबली तर घर्षणाने ॲसिटेट मऊ पडतं, कडा बोथट होतात आणि नाकाची पट्टी झिजून पातळ होते. चकाकी भरपूर पण कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झालेली फ्रेम दिसली की समजावं, कामात घाई झाली आहे.

एवढ्या कापाकापीत निम्म्याहून जास्त शीट भंगारात जातं. किमतीचा बराच भाग या वाया जाणाऱ्या मालाचा आणि मजुरीचा. काडीच्या आत ‘हँडमेड’ असं छापलेलं असतं, पण त्यावरून पूर्ण हातकाम समजू नका. आज बहुतेक कारखान्यांत कापणी मशीनवर होते आणि जुळवणी, घासणी, पॉलिश हाताने. गिऱ्हाइकाला त्याने नुकसान होत नाही. जे फायदे आहेत ते शीटचे आणि शेवटच्या हाताचे आहेत. जपानमधल्या फुकुई प्रांतातलं साबाए शहर या शेवटच्या हातासाठी ओळखलं जातं. त्या भागात 1905 साली शेतकऱ्यांना हिवाळ्यात हाताला काम मिळावं म्हणून चष्म्याचा धंदा सुरू झाला.

टीआर-90 मध्ये काय मिळतं

वजन. ॲसिटेटची घनता सुमारे 1.3, टीआरची सुमारे 1. शिवाय लवचीकपणामुळे टीआर पातळ करता येते, त्यामुळे हातातला फरक आकड्यांपेक्षा जास्त जाणवतो. वाकवली तरी ती सरळ होते, पडली तरी सहसा मोडत नाही. शाळकरी मुलं, ट्रॅक्टरवर बसणारे, कुपवाड एमआयडीसीत मशीनवर उभे राहणारे, यांच्यासाठी हे फार मोलाचं आहे.

तोटे याच गुणातून येतात. जी सरळ होते ती तुमच्या कानाच्या मापाने वाकत नाही. तापवून वळवली तरी काही दिवसांत मूळ आकाराकडे जाते, आणि बहुतेकींच्या काडीत तार नसते. रंग बऱ्याचदा वरून मारलेला असतो. तो आधी कानशिलाजवळ आणि नाकाजवळ सुटतो, म्हणजे जिथे घाम लागतो तिथे. नायलॉन ॲसिटोनला दाद देत नाही, त्यामुळे तुटली तर टिकाऊ जोड नाही.

नाकावर बसण्याचा प्रश्न

आमच्या मते निर्णय इथेच होतो. बाहेरच्या देशांत आखलेल्या बऱ्याच फ्रेमच्या नाकपट्ट्या बुटक्या असतात. नाकाचा उंचवटा कमी असला की फ्रेम खाली घसरते, हसल्यावर गालाला टेकते, आणि माणूस दिवसभर बोटाने चष्मा वर ढकलत राहतो. प्रोग्रेसिव्ह काच (एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर) असेल तर जवळचं आणि लांबचं दोन्ही बिघडतं, कारण काचेतला प्रत्येक भाग ठरलेल्या उंचीवरच काम करतो.

शीटच्या फ्रेमला यावर इलाज आहे. जुनी पट्टी कानशीने घासून सपाट करायची, जाड तुकडा ॲसिटोनने चिकटवायचा, दुसऱ्या दिवशी नाकाच्या उताराप्रमाणे घासायचा आणि बफ मारायचा. नाक रुंद असेल तर पट्टी उलट कमी करता येते. साच्यातल्या टीआरची पट्टी जशी निघाली तशी. फार तर सिलिकॉनची चिकटपट्टी लावायची, ती घामाने सुटते. टीआरच घ्यायची असेल तर हलत्या नोजपॅडची बघा.

कानामागेही तेच. चांगल्या शीटच्या काडीत जर्मन सिल्व्हरची तार असते. काडी तापवून ती कानाच्या वरच्या टोकाच्या किंचित मागे वळवायची असते. वळण आधी आलं तर कानावर दाब येतो, उशिरा आलं तर चष्मा घसरतो. चष्मेवाल्याने फ्रेम न तापवता हाताने वाकवली तर ॲसिटेटवर पांढरे ताण उमटतात, ते परत जात नाहीत. मेणबत्तीवर किंवा लायटरवर तापवली तर पृष्ठभागावर फोड येतात. गरम हवेचं यंत्र सगळ्यात बरं. तापलेल्या वाळूने काम होतं, पण चकचकीत फ्रेमवर कणांचे ठसे उठू शकतात.

बिजागरी

शीटच्या फ्रेममध्ये बिजागरी दोन तऱ्हांनी बसते. रिव्हेटची बिजागरी आरपार खिळ्यांनी पकडलेली असते, बाहेर दोन किंवा तीन ठिपके दिसतात. दाबून बसवलेली बिजागरी तापवून ॲसिटेटच्या पोटात रुतवतात, बाहेरून काही दिसत नाही. दुसरी दिसायला स्वच्छ, पण एकदा उपटली गेली की तिच्या जागी खड्डा राहतो आणि नवी तितकी घट्ट धरत नाही. रिव्हेटची सुटली तर नवे खिळे घालता येतात. मेख अशी की बाहेरचे ठिपके पुष्कळदा नुसते चिकटवलेले असतात. आतल्या बाजूला बिजागरीवर खिळ्यांची डोकी दिसली तरच ते खरे रिव्हेट.

ऊन, घाम, हळद

इथे टीआरचा विजय आहे. ॲसिटेट साधारण 60 अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो आणि बंद गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांच्याही वर जाऊ शकतो. तिथे ठेवलेली शीटची फ्रेम संध्याकाळी वाकडी मिळेल. परत तापवून सरळ होते, पण दर वेळी बिजागरीची पकड थोडी सैल होते.

घामाने आणि तेलाने ॲसिटेटवर पांढुरकी साय येते, खोबरेल लावणाऱ्यांच्या काड्यांवर आणखी लवकर. सुरुवातीला बफ मारून ती निघते. खोल गेली तर काडी कोरडी पडून तडे जातात. सॅनिटायझर आणि स्पिरिट लावू नये. कोमट पाणी, साधा सौम्य साबण आणि सुती कापड पुरे. पारदर्शक किंवा दुधी रंगाच्या फ्रेमचा मोह असेल आणि रोजचा संबंध मार्केट यार्डातल्या हळदीशी येत असेल, तर गडद रंग घ्या. फिक्या ॲसिटेटला लागलेला हळदीचा पिवळेपणा पुसून सहज जात नाही.

रोज खंबाटकी घाटातून किंवा कराड-सातारा रस्त्याने दुचाकीवर जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. 4 मिमी जाडीची काडी हेल्मेटच्या अस्तराखाली कानशिलात रुतते. पातळ आणि सरळ काडीच हवी.

जाड नंबर असेल तर

काडीच्या आत 52□18-140 असं लिहिलेलं असतं: एका डोळ्याची रुंदी, मधलं अंतर, काडीची लांबी, सगळं मिमीत. पहिल्या दोन आकड्यांच्या बेरजेतून तुमच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर वजा करून निम्मं केलं की काच किती आत सरकवावी लागेल ते कळतं. बाहुल्यांतलं अंतर 62 असेल तर 52□18 मध्ये 4 मिमी, 46□20 मध्ये फक्त 2.

उणे 6 नंबरच्या साध्या सीआर-39 (नेहमीच्या प्लॅस्टिकच्या) काचेची कानाकडची कड पहिल्या फ्रेममध्ये ढोबळमानाने साडेसात मिमी होते, दुसऱ्या फ्रेममध्ये पावणेसहा. 6 मिमीच्या शीटच्या रिममध्ये ही दुसरी काच जवळजवळ लपून जाते. पातळ टीआरमध्ये तीच काच मागे डोकावते. म्हणून जाड नंबरवाल्यांनी महागड्या पातळ काचेआधी लहान डोळ्याची शीटची फ्रेम बघावी. पैसेही वाचतात.

मेटल आणि शिंग, थोडक्यात

मोनेलची (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूची) फ्रेम स्वस्त आणि सोनाराकडे डाग देऊन जोडता येणारी, पण तिच्यात निकेल असतं. कानामागे खाज आणि पुरळ येणाऱ्यांनी टाळावी. टायटॅनियमला तो त्रास नाही. मात्र गुंडाळली तरी सरळ होणारी ‘मेमरी’ फ्रेम निकेल-टायटॅनियमची असते, तिच्यात वजनाने निम्म्याहून जास्त निकेल. टायटॅनियम तुटलं तर सोनाराच्या फुंकणीने जोडलं जात नाही, त्याला लेझर वेल्डिंग लागतं.

शिंगाची फ्रेम ही या कारागिरीची जुनी शाखा. सांगली-सोलापूर-कोल्हापूर पट्ट्यातल्या पंढरपुरी म्हशीची लांबलचक शिंगं पाहिली की ती इथे का होत नाही असं वाटणं साहजिक आहे. पण अशा फ्रेमला नियमित तेल लागतं आणि बदलत्या हवेत तिचे थर सुटतात. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिमीच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला 500च्या आसपास. या दोन टोकांमध्ये सारखी ये-जा असेल तर शिंग घेऊ नका.

काउंटरवर हे करून बघा

फ्रेम उलटी करून, काड्या उघड्या ठेवून काचेच्या टेबलावर ठेवा. चारही टोकं टेकली पाहिजेत. काड्या मिटल्यावर एकमेकींना समांतर बसाव्यात. कडेवरून नख फिरवा. साच्याची बारीक रेघ लागली तर ती शीटची नव्हे, किंमत काहीही सांगोत. नक्षी कडेपर्यंत आरपार दिसते का ते बघा. फ्रेम घालून मान खाली करा आणि हळू डोकं हलवा, मग आरशात पाहा की दोन्ही नाकपट्ट्या पूर्ण टेकल्यात की फक्त खालची कड.

काच बसवायला देताना समोरचा भाग तापवून काच बसवतात की थंडच दाबतात, हे विचारून घ्या. शीटला तापवणं भाग आहे. टीआरमध्ये काच थंडच दाबून बसवतात, म्हणून तिथे काचेचं माप अगदी नेमकं लागतं. चष्मा मिळाल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा दुकानात जा. तोवर काड्या तुमच्या डोक्याच्या रुंदीला थोड्या उघडलेल्या असतात, बिजागरीचे स्क्रू किंचित सैल झालेले असतात, आणि दुसऱ्यांदा तापवून केलेली जुळवणीच खरी बसते.