बाजारातल्या टमाट्याचं बी: लातूरच्या गच्चीवरचे अकरा महिने

जुलै 2023. धोंड्याचा महिना होता, बहीण-दाजींना जेवायला बोलावलं होतं, आणि नेमके टमाटे शंभराच्या पार गेलेले. बायकोने पिशवी हातात देताना बजावलं, "अहो, अर्धाच किलो आणा, कोशिंबिरीत काकडी वाढवते." ते अर्धा किलो टमाटे चिरून झाल्यावर पाटावर जो रस आणि बी उरलं, ते मोरीत जायच्या आत मी एका गिलासात खरवडून घेतलं. एवढ्या महागाच्या वस्तूचं बी फुकट जातंय याचंच जास्त वाईट वाटलं होतं. बागकामाची हौस वगैरे काही नव्हती. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, मातीशी संबंध सातबाऱ्याच्या प्रती काढण्यापुरता.

तेव्हापासून आता जूनच्या अखेरीपर्यंत अकरा महिने झाले. या काळात तीन प्रकारच्या टमाट्यांचं बी धरून पाहिलं. एक ते धोंड्याचे लांबट, जाड सालीचे, चेंडूसारखे टणक टमाटे. दुसरे आठवडी बाजारात एका मावशीकडे मिळालेले गावरान, चपटे, कडेला भोपळ्यासारख्या खाचा असलेले, नखाने फुटतील असे. आणि तिसरे भाचीने पुण्याहून आणलेल्या प्लॅस्टिकच्या डबीतले बारके, द्राक्षाएवढे. सॉसच्या बाटलीतलं बी उगवेल का, असं दुकानातल्या पोराने विचारलं होतं. नाही उगवत, ते शिजलेलं असतं.

बी काढायची पद्धत आधी सांगतो, कारण पहिली चूक तिथेच झाली. टमाट्याच्या बीवर बुळबुळीत आवरण असतं. फळाच्या आतच बी उगवू नये म्हणून ही सोय असते. ते आवरण घालवायचं तर रसासकट बी थोड्या पाण्यात दोन दिवस आंबू द्यायचं. वर पांढरट साय धरते, आंबलेल्या ताकासारखा वास सुटतो, आणि चांगलं बी तळाशी बसतं. मग चहाच्या गाळणीत धुवायचं आणि स्टीलच्या ताटलीत सावलीत वाळवायचं. कागदावर वाळवू नका, असं चिकटतं की कागदासकट पेरावं लागतं. मी पहिल्या खेपेला गिलास फडताळामागे विसरलो. चार दिवसांनी पाहतो तर निम्म्या बियांना गिलासातच मोड आलेले.

आईने हा सगळा खटाटोप पाहिला आणि म्हणाली, "आरं, एवढं काय नासवायलास गिलासात? राख चोळायची आन् वाळू घालायचं." आईचं माहेर उमरखेडकडचं. ती गावरान टमाट्याला अजून भेदरं म्हणते. तिच्या म्हणण्याप्रमाणे निम्मं गावरान बी राखेत चोळून वाळवलं. उगवण दोन्हीची सारखीच. वासाचा विचार केला तर आईची पद्धत सरस. राख मिळवायला मात्र शेजारच्या आजींच्या बंबापर्यंत जावं लागलं, आमच्या घरी गॅस.

रोपांसाठी दुकानातले चहाचे कागदी कप वापरले. बुडाला पेन्सिलीने तीन भोकं. प्रत्येक प्रकाराच्या वीस बिया लावल्या. पाचव्या दिवशी पहिलं रोप वर आलं. लांबट वीसपैकी सतरा, गावरान अठरा, बारके बारा. म्हणजे बाजारातल्या टमाट्याचं बी उगवत नाही, त्यात काहीतरी मारून ठेवलेलं असतं, असं जे लोक सांगतात ते माझ्यापुरतं तरी खोटं निघालं. आमचे लांबट टमाटे फ्रीजमध्ये दोन दिवस काढून आले होते, तरीही.

एका गिऱ्हाईकाने कप पाहून विचारलं, हायब्रीडचं बी धरलं तर गुन्हा लागत नाही का? शेतकरी होते, खरंच काळजीने विचारत होते. तसं नाही. 2001 चा जो वाणांच्या संरक्षणाचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा कायदा आहे, त्यात शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पुन्हा पेरायचा, दुसऱ्याला द्यायचा हक्क दिलेला आहे. संरक्षित वाणाचं बी पाकिटात भरून नावानिशी विकता येत नाही, इतकंच. मला कुठे विकायचंय?

हायब्रीडचा खरा घोळ पुढे कळतो, फळं लागल्यावर. हायब्रीड म्हणजे दोन वेगळ्या वाणांचा संकर. त्या पहिल्या पिढीतली सगळी झाडं एकसारखी येतात, म्हणून बाजारातला कॅरेट साच्यातून काढल्यासारखा दिसतो. पण त्याच फळातलं बी पेरलं की आई-बापाचे गुण सुटे होऊन पुन्हा वाटले जातात. दहावीच्या विज्ञानात मेंडेलचे वाटाणे होते, उंच आणि बुटके, तीनास एक. तेव्हा मार्कांपुरतं पाठ केलं होतं. ते माझ्या गच्चीवर तेलाच्या डब्यांत उभं राहिलं. लांबटची सात रोपं ठेवली होती. त्यातली दोन कमरेच्या आतच थांबली, झुडपासारखी. बाकीची पाच सुतळीने बांधत गेलो तर डोक्याच्या वर गेली. एकाच टमाट्याची लेकरं! फळं म्हणाल तर दोघांची आईसारखी लांबट, एकाची गोल, एकाला खाली लिंबासारखं टोक, आणि एक महाराज डिसेंबरपर्यंत नुसते पानं काढत बसले. हिशेब पाचावरच का थांबला, तर दोन झाडं बोकड्याने गेली.

बोकड्या म्हणजे पानं वरच्या बाजूला गोळा होतात, बारीक आणि पिवळी पडतात, झाड खुंटतं. विषाणूचा रोग, पांढरी माशी तो पसरवते. त्या वर्षीचा ऑगस्ट आठवत असेल. 1901 पासूनच्या नोंदींतला देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. पाऊस गायब, ऊन कडक, माशीला मोकळं रान. विकतच्या हायब्रीड बियाण्यात या रोगाला दाद न देणारा गुण बऱ्याचदा घातलेला असतो, पण पुढच्या पिढीत तो सगळ्या झाडांत उतरत नाही. बोकड्याला औषध नाही. झाड उपटून टाकायचं, कितीही जीव अडकला असला तरी. मी पहिलं झाड आठ दिवस ठेवून पाहिलं, तेवढ्यात शेजारचं गेलं. मग दुकानातल्या पिवळ्या फायलीची पुठ्ठी कापून, एरंडेल तेल फासून गच्चीभर टांगली. माशा भरपूर चिकटल्या. दोन-तीनदा मीही.

माती-डब्यांचं थोडक्यात. मित्राच्या शेतातली काळी माती आणून पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यांत तशीच भरली, ही दुसरी चूक. शेतात सोनं असलेली ती माती डब्यात पाणी धरून बसते आणि वाळली की तडकते. दोन रोपं मुळाशी कुजली, बदली लावावी लागली. नंतर काळी माती, कुजलेलं शेणखत आणि बारीक मुरूम सारख्या वाट्याने मिसळला, तेव्हा जमलं. पत्र्याचा डबा उन्हात तव्यासारखा तापतो, म्हणून भोवती ओलं पोतं गुंडाळलं.

आता पाणी. लातुरात राहून गच्चीवर चौदा झाडं लावायची म्हणजे शेजारी आधी पाण्याचंच विचारतात. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेलं हे गाव आहे, इथे नळ आला की अजूनही माणूस कामावरून घरी पळतो. मी शक्कल काढली, आरओ मशीनचं जे पाणी मोरीत जातं ते झाडांना. महिनाभराने पानांच्या कडा करपल्या आणि मातीवर पांढरी पुटं दिसायला लागली. आमचं बोअरचं पाणी आधीच जड. मशीन त्यातले क्षार बाजूला काढून त्याच पाण्यात सोडतं, आणि मी तेच आटवून आटवून झाडांना पाजत होतो. नंतर ते फरशी पुसायला गेलं. झाडांना तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी आणि राहिलेलं साठ्यातलं, झाडाला रोजचं दीड-दोन लिटर. जाडजूड पालापाचोळा अंथरला तेव्हा ते एक दिवसाआड केलं तरी चालू लागलं.

पाणी चुकलं की टमाटा लगेच दाखवतो. आम्ही चार दिवस गावी गेलो, आल्यावर डबे भरभरून पाणी घातलं. त्यानंतरच्या लांबट फळांना बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग. ओळखीच्या एकाने चुना टाकायला सांगितलं. चुना म्हणजे कॅल्शियम, आणि हा डाग फळात कॅल्शियम कमी पडल्यानेच येतो, हे बरोबर. पण मातीत ते बहुतेकदा असतंच. पाणी कधी ओढाताणीचं तर कधी पूर असं झालं की ते फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. चुना टाकून काही झालं नाही, रोज ठरलेल्या वेळी पाणी सुरू केल्यावर नवी फळं स्वच्छ आली. गावरानला मात्र हा डाग एकदाही आला नाही. लांबट फळांना हा त्रास जास्त होतो.

पहिलं पिकलेलं फळ दिवाळीत मिळालं, बारक्याचं. गोड. लेकरांनी झाडाखाली उभं राहूनच संपवले, स्वयंपाकघरात त्यातला एकही पोचला नाही, त्यामुळे वजनाचा हिशेब नाही. नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी झाली आणि दमट हवेत करपा आला. खालची डागाळलेली पानं काढून टाकली, तांबेयुक्त बुरशीनाशकाची एक फवारणी केली, त्यावर निभावलं. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी डब्यांमध्ये झेंडू लावला होता आणि पाच टक्के निंबोळी अर्क दर दहा दिवसांनी मारत होतो. तरी पाच-सहा फळं तिच्या वाट्याला गेलीच.

खरा भर आला जानेवारीत. येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, 11 जानेवारीला होती. शेतात भज्जी-आंबील खायला जाताना मी पिशवीभर गावरान टमाटे घेऊन गेलो आणि मित्राच्या बायकोने तिथेच चुलीवर भाजून ठेचा केला. आंबट, पातळ सालीचा, रसाने भरलेला टमाटा. ठेचा, सार, वरण यांसाठी त्याला तोड नाही. पण घरी आणेपर्यंत चार फुटतात आणि तीन दिवसांवर टिकत नाही, म्हणून तो बाजारात दिसत नाही. लांबटची नवी पिढी चवीला आईइतकीच, म्हणजे कोशिंबिरीपुरती.

हिवाळ्यात बारके सोडून तेवीस किलो माल निघाला. ऐकायला बरं वाटतं. पण आमचे टमाटे लागेपर्यंत बाजारातले भाव केव्हाच आपटले होते. शेणखत, सुतळी, कामठ्या, हिरवी जाळी धरून साडेनऊशे रुपये गेले. म्हणजे पैसे वाचवायला हे करणार असाल तर करू नका. बायकोने हा हिशेब वहीत लिहून ठेवलाय आणि दाजी आले की वाचून दाखवते.

उन्हाळ्याची पेरणी पूर्ण फसली. जानेवारीत घरच्याच फळांचं बी टाकलं, झाडं मार्चमध्ये फुलली आणि फुलं तशीच गळली. दिवसा पस्तिशीच्या वर आणि रात्रीही उकाडा राहिला की टमाट्याचं फूल धरत नाही. आमच्याकडे एप्रिल-मे चाळीसच्या पुढे. जाळी बांधली, सकाळी फुलं हलवून पाहिली, व्यर्थ. हिवाळ्यातल्या झाडांवर उशिराने जी दहा-बारा फळं राहिली होती ती नारिंगीच राहिली, कारण फार उष्णतेत लाल रंग तयार होत नाही. थोडी फिकी असतानाच तोडून माठाशेजारी, गारव्याला ठेवली तेव्हा जरा लाली आली. मराठवाड्यात गच्चीवर लावायचं तर जून-जुलैचं बी, थंडीचं फळ, आणि मार्चमध्ये डबे रिकामे करून मोकळं व्हावं.

गुण द्यायचे तर गावरानला पाचपैकी साडेचार, बारक्यांना चार. लांबटला अडीच, तेही त्या गोल फळाच्या झाडामुळे. त्याची फळं सालीने जाड, आतून रसाळ आणि डागाविना होती. त्याचं बी वेगळं धरलंय. टमाट्याचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागावर धरतं, त्यामुळे शेजारी गावरान असलं तरी सरमिसळीची भीती फारशी नाही. पुढच्या पिढीतही थोडी फाटाफूट होईल, पण दरवेळी गोल, रसाळ झाडाचंच बी घेत गेलं तर पाच-सहा वर्षांत ते बऱ्यापैकी स्थिर होतं. तेवढी वर्षं गच्ची माझी राहिली तर बघू. घरमालक चांगले आहेत, दर शुक्रवारी टमाटे पोचवतो.

बी दुकानातल्या जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांत भरून, थोडी राख टाकून ठेवलं होतं. यंदा मृगात काढायला गेलो तर एका पाकिटावरची शाई पुसलेली. गोलाचं की त्या डिसेंबरपर्यंत पानं काढणाऱ्या महाराजांचं, ओळखायला मार्ग नाही. बारा कपांत लावलं, काल पाहिलं तर नऊ वर आलेत.