जुनंच किचन, नवीन तोंड: आठ महिने वापरल्यानंतर

आमचा चिंचवडचा फ्लॅट 2003 चा. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, खाली कडप्प्याचे कप्पे, वर प्लायची कपाटं आणि सगळीकडे तो डार्क ब्राऊन सनमाइका, दिवसासुद्धा लाइट लावावा लागायचा. मॉड्युलरवाल्याने सगळं तोडून नवीन करायचे 2 लाख 60 हजार सांगितले. आमच्या सुतारकाकांनी कपाटांच्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर टोचून बघितला आणि म्हणाले, "ताई, प्लाय ठणठणीत आहे, तोडताय कशाला." मग आहे तेच किचन नवं करून घेतलं, एकूण 71 हजार आणि नऊ दिवस.

दारांवरचा जुना सनमाइका घासून खरबरीत केला, त्यावरच 1 एमएमचा ऑफ-व्हाइट मॅट चिकटवला. सॉफ्ट क्लोज (दार न आपटता हळू बंद करणाऱ्या) बिजागऱ्या जुन्याच 35 एमएमच्या खड्ड्यात बसल्या पण स्क्रूची भोकं पार ढिली झालेली, तर काकांनी एकेका भोकात फेविकॉल लावून लाकडाची काडी ठोकली, रात्रभर वाळू दिली आणि दुसऱ्या दिवशी स्क्रू मारले. 22 दारं, दीड दिवस त्यातच गेला, मला वाटलं किती वेळ काढतायत, पण आजपर्यंत एकही दार लोंबलेलं नाही!

स्टीलच्या ट्रॉल्याही त्याच, फक्त ज्यावर त्या सरकतात ते चाकांचे चॅनल काढून टेलिस्कोपिक (एकात एक सरकणारे) टाकले. दोन्हीला बाजूला अर्धा इंचच जागा लागते त्यामुळे ट्रॉलीला हात लावावा लागला नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, कुकरची ट्रॉली त्यांना खाली बसून ओढायला लागायची, आता उभ्या उभ्या एका हाताने ओढतात. मला तरी हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

चिमणी जुनीच ठेवलीय, तिचा अरुंद, दोन ठिकाणी वळलेला पाइप काढून सहा इंची सरळ पाइप टाकला, फोडणीचा धूर आता हॉलमध्ये येत नाही. फ्रिजचं नुसतं रबर बदललं.

चूक एकच झाली आणि ती माझ्या हट्टाने. सिंकखालचं दार खालून थोडं फुगलेलं होतं, काका नको म्हणत होते तरी मी त्यावरच सनमाइका लावायला लावला. जुलैपर्यंत खालची कड सुटली, आत बोट घातलं तर प्लायचा ओला भुगा. तिथे पीव्हीसीचं दार बसवलं, 2,800 गेले. आणि मॅट ऑफ-व्हाइटवर हळद लगेच पुसली नाही तर पिवळा डाग राहतोच, गॅसशेजारच्या दोन दारांना मी आता गडद रंग घेणार आहे, काका दिवाळीनंतर येतो म्हणालेत.