जुनी मोटरसायकल: किनाऱ्यावरची की घाटावरची?

रत्नागिरी परिसरात जुनी मोटरसायकल घेताना बहुधा दोन पर्याय समोर येतात: गावातच वापरलेली 'एमएच ०८'ची गाडी किंवा कोल्हापूरकडून आलेली 'एमएच ०९'ची.

किनाऱ्यावरच्या गाडीचे इंजिन अनेकदा उत्तम असते, परंतु खाऱ्या वाऱ्याने पत्रा आतून खाल्लेला असतो. टाकीचे झाकण उघडून विजेरीने आत पाहावे. तळाशी तांबूस थर दिसला तर पुढे कार्बोरेटर (इंजिनला पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पुरवणारा भाग) वारंवार तुंबणार हे गृहीत धरावे. सायलेन्सरचा खालचा भाग, स्पोकची टोके आणि साइड स्टँड जिथे चॅसिसला (गाडीच्या सांगाड्याला) जोडलेला असतो तो सांधा बोटाने चाचपावा. या जागी ताजा काळा रंग दिसला तर मी तरी संशयच घेतो.

घाटावरच्या गाडीला गंज कमी असतो. तिथे झीज पाहावी लागते. चेन सैल आहे का, स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकाचे) दात टोकदार झाले आहेत का, हे गाडी उभी असतानाच पाहावे; क्लच घसरतो का, हे मात्र आंबा घाटासारख्या चढावर चालवूनच कळते.

कागदपत्रे दोन्हीकडे सारखीच: आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) चॅसिस क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी जुळवावा, कर्जाचा बोजा उतरला आहे याची खात्री करावी आणि मालकी हस्तांतराच्या नमुना २९ व ३० वर विक्रेत्याची सही घ्यावी.

किंमत सारखी असेल तर मी घाटावरची गाडी घेईन, कारण क्लच प्लेट बदलता येते, कुजलेली चॅसिस नाही.