भंगारातला टेबललॅम्प: दिवाळीत लावला, पावसाळा काढला

पुण्याच्या जुन्या बाजारातून बुलेटचं झिजलेलं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), चेन आणि क्लच प्लेटा उचलल्या. लॅम्पच्या बैठकीला पाडलेल्या वाड्याच्या सागवानी तुळईचा तुकडा. वेल्डिंग ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून, बाकी उद्योग घरचा. दिवाळीत लावलेला हा लॅम्प आता गणपती आले तरी रोज संध्याकाळी चालू असतो.

दिसायला अजून झकास. दात्यांच्या सावल्या भिंतभर पसरतात. वाचायला मात्र काडीचा उपयोग नाही. चार वॅटचा पिवळा एलईडी आहे. जुन्या पद्धतीचा 60 वॅटचा बल्ब लावला तर होल्डरजवळच्या लोखंडाला हात लावायची सोय राहणार नाही.

लाकडावर सगळ्यात जास्त वेळ गेला. सुतार रंधा मारायलाच तयार होईना, कारण तुळईत मोडके खिळे दडलेले असतात आणि पात्याची वाट लागते. लोहचुंबक फिरवून ते शोधले, पकडीने उपसले. भोकांभोवती लोखंडामुळे लाकूड काळं पडलेलं असतं. ते पॉलिश पेपरने जाता जात नाही, पण जवसाच्या तेलाचा हात दिल्यावर तेच सुंदर दिसतं. (तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.)

चेनने मात्र वैताग दिला. रॉकेलमध्ये भिजवून, ब्रशने घासूनही एप्रिलच्या उकाड्यात कड्यांमधून ग्रीस पाझरलं आणि सागवानावर डाग पडला. आता खाली पितळी चकती ठोकली आहे. जुलैत गंज आला, तोही नेमका दात्यांच्या टोकांवर. धारदार कडेवर लॅकरचा (पारदर्शक वॉर्निशचा) थर पातळच बसतो. सपाट क्लच प्लेटा स्वच्छ आहेत. टोकं घासून मेण चोळलं, तेव्हापासून ठीक आहे, पण दर पावसाळ्यात हे करावं लागणार.

वजन चिक्कार. खाली रबराच्या गुट्ट्या नसत्या तर टेबलाचा सनमायका गेला असता.

असा लॅम्प विकत घेणार असाल तर आधी उलटा करून वायर बघा. धातूचं अंग असेल तर तीन तारांची केबल, थ्री-पिन प्लग आणि अर्थिंगची तार अंगाला स्क्रूने पक्की हवी. वायर भोकातून आत जाते तिथे रबरी बुश (भोकाच्या कडेला बसवलेली रबराची कडी) नसेल तर पत्र्याची कड इन्सुलेशन कापते. एका प्रदर्शनात बारा हजारांना टू-पिनवाला लोखंडी लॅम्प पाहिला, फुकट दिला तरी घरात ठेवणार नाही.